कडूबाच्या नातवाची आंघोळ

डोहाळजेवणाच्या दिवशी, ऐन ओटी भरायच्या वेळेला, आवडाबाईंच्या विहीणबाई नव्या न्हाणीत पडल्या. पाय धुवायला म्हणून आत गेल्या आणि धप्पकन आवाज आला. हाडबीड काही मोडलं नाही. द्वारकाबाईंचं हाड पैठणचं, जुन्या खाण्यापिण्याचं. पण जरीचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं, आणि मान म्हणून जो काही असतो तो पार वाहून गेला. तोही मोरीत गेला नाही, कारण त्या न्हाणीत मोरीकडं काही वाहून जायची सोयच नव्हती. पाणी उलटं दाराकडं यायचं आणि उंबरा ओलांडून थेट बैठकीत, पाहुण्यांच्या सतरंजीखाली शिरायचं.

द्वारकाबाई कोरडं लुगडं नेसून बाहेर आल्या. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसलेल्या सुनेकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि आवडाबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, राग नका मानू. दोन जिवांची पोर हाय. मी पडले, उठले. ती पडली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? अयोध्याला मी आज परत घिऊन जाते. न्हाणी नीट झाली तर पाठवीन. नाय झाली तर बाळंतपण पैठणला."

यात चूक काय काढणार? अयोध्या गाडीत बसताना तीनदा मागं वळून पाहत होती आणि आवडाबाई हसून हात हलवत होत्या. गाडी वळली तशा त्या आत आल्या आणि त्याच न्हाणीच्या दारात बसून रडल्या.

एकुलती एक लेक. लग्नाला बारा वर्षं उलटून गेल्यावर झालेली. आवडाबाईंच्या स्वतःच्या बाळंतपणात त्यांची आई जगात नव्हती. सासरच्यांनी सगळं केलं, काही कमी पडू दिलं नाही, पण आईचा हात तो आईचा हात. तेव्हाच त्यांनी मनाशी धरलं होतं की लेकीचं पहिलं बाळंतपण आपण करायचं. जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवून झाली होती, डिंक निवडून झाला होता. आणि आता सगळं एका फरशीवर येऊन अडलं होतं.

ती फरशी बसवली कडूबा ठेकेदारानं. हा कडूबा मूळचा पाचोडचा, म्हणजे आवडाबाईंच्या माहेरचाच. गाववाला म्हणून काम त्याला दिलं. माणूस बोलायला गूळ. मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच "वहिनी, चहा टाका" म्हणायचा. जुनी अंधारी मोरी काढून मोठी, उजेडाची न्हाणी करायची होती, बाळंतिणीला पाटावर बसवून न्हाऊ घालता येईल अशी. भिंती चांगल्या उभ्या राहिल्या, खिडकी आली, आणि फरशी बसायची तेवढी राहिली असताना काकासाहेबांनी घोटाळा केला.

काकासाहेब म्हणजे आवडाबाईंचे यजमान. जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. "पुढं सरका" याच्याहून कडक शब्द त्यांनी कधी कुणाला वापरला नाही. आता, बांधकाम झालं की ठेकेदाराला नारळ, टोपी, टॉवेल देऊन मान करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. काम सरल्यावर करतात, हेही ठाऊक आहे. पण अक्षय्य तृतीयेचा दिवस होता, जावई आले होते, आमरसाला गल्लीतली चार माणसं होती. काकासाहेबांना वाटलं, चांगला दिवस आहे, सगळे जमलेत, उरकून घेऊ. चार लोकांत त्यांनी कडूबाला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, वर त्याच्या कामाची तारीफ केली. मान आधी आणि काम नंतर! नवरदेवाला आधी जेवू घालून मग बोहल्यावर उभं करण्यातली गत. दुसऱ्या दिवशी कडूबानं एका दुपारीत फरशी उरकली आणि जो गेला तो गेला.

तेव्हापासून त्याला फोन केला की भजन ऐकू यायचं. अख्खं भजन संपायचं, कडूबा काही उचलायचा नाही. एकदा काकासाहेबांनी त्याला क्रांती चौकात हार्डवेअरच्या दुकानापाशी गाठलं, तर म्हणाला, "काकासाहेब, पाणी आपला रस्ता आपण शोधतं. आन पाणी वापरताच कशाला येवढं? आपल्या शहरात नळ आठवड्यानं येतो." काकासाहेब म्हणाले, पण विहीणबाई पडल्या. तर कडूबानं छातीवर हात ठेवला. "चार लोकांत टोपी घातली तुम्ही मला. आता खोट काढता? आहेर झाला म्हंजी काम झालं." काकासाहेब मान खाली घालून घरी आले. रीतीनंच बोलत होता मेला. रीत पाळायला तेवढी नेमकी जागा सापडली होती त्याला.

अशात बातमी आली की कडूबाच्या लेकीला मुलगा झाला, आणि बाळंतपण कडूबाच्याच घरी चाललंय.

आवडाबाई तडक उठल्या. खरं म्हणजे भांडायलाच निघाल्या होत्या. पण तान्हं मूल असलेल्या घरात रिकाम्या हातानं भांडायला जायचं तरी कसं? म्हणून वाटेत झबलं-टोपडं घेतलं, आणि ते घेताना टोपड्याच्या लाल गोंड्यांकडं बघून अर्धा राग दुकानातच राहिला.

कडूबाच्या घरी त्या पोचल्या तेव्हा बाळाच्या आंघोळीची वेळ होती. कडूबाची बायको लक्ष्मीबाई मोठी अघळपघळ, मायेची बाई. "आवडाताई, या की, थेट आत या," म्हणत तिनं त्यांना न्हाणीच्या दारातच नेलं. आत हसीनाबी बसल्या होत्या. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्याचं काम हसीनाबींचं. हिंदू असो, मुसलमान असो, निम्मं शहर त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठं झालं होतं. पाय लांब करून त्यावर त्यांनी कडूबाच्या नातवाला पालथं घातलं होतं आणि पाठीवरून धार सोडत होत्या. बाळ बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

"रो, रो, मेरे शेर," हसीनाबी म्हणत होत्या. "छाती मोठी होती."

कुणीही बाळाकडं पाहिलं असतं. आवडाबाई फरशीकडं पाहत होत्या. खरबरीत शहाबादी फरशी, पाय चिकटून बसेल अशी. तिला असा बेताचा ढाळ की हसीनाबींच्या पायावरून उतरलेलं पाणी एका रेषेत मोरीकडं चाललं होतं. इकडं नाही, तिकडं नाही. दारात टिपूस नव्हता.

"किती छान ओ तुमची न्हाणी," आवडाबाई म्हणाल्या.

"आमच्या ह्यांनी स्वतः बसून केली," लक्ष्मीबाई कौतुकानं म्हणाली. "लेकीचं बाळंतपण हाय म्हणून. एकेक फरशी हातानं घासून बघितली."

म्हणजे याला येत होतं! येत नसतं तर आवडाबाईंनी एखादे वेळी सोडूनही दिलं असतं. पण याला सगळं येत होतं, आणि त्यांच्या लेकीसाठी त्यानं ते केलं नव्हतं. आवडाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्यांना काहीतरी सुचलं. सुचलं ते इतकं चांगलं होतं की रागाच्या जागी त्यांना हसूच यायला लागलं.

पाचोडकडं एक रीत आहे. सव्वा महिना झाला की बाळंतिणीला आणि बाळाला जवळच्या कुणाच्या तरी घरी दिवसभर नेतात. तिथं दोघांना न्हाऊ घालतात, गोडधोड करतात, आणि संध्याकाळी परत पोचवतात. घर पालटणं म्हणतात त्याला. बाळाला आलेलं हे पहिलं बोलावणं मोडत नाहीत. मोडणं बाळाला चांगलं नाही, असं जुनी माणसं सांगतात.

आवडाबाईंनी झबलं बाळाच्या अंगावर ठेवलं, बोटं मोडून दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, सव्वा महिन्याचं बोलावणं माझं. घर पालटायला बाळाला माझ्याकडं आणायचं. हसीनाबी, तुम्ही पण या. आमच्या नव्या न्हाणीत न्हाऊ घाला लेकराला."

लक्ष्मीबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगं बाई! आजोबानं बांधलेल्या न्हाणीत नातवाची आंघोळ! यापरीस काय पाहिजे?"

कडूबा तेवढ्यात बाहेरून आला. बायकोनं त्याला उंबऱ्यातच बातमी दिली. आवडाबाईंनी आयुष्यात पुष्कळ माणसांचे चेहरे पाहिले होते, पण इतक्या झटकन उतरलेला चेहरा पाहिला नव्हता.

"आवडावहिनींना कशाला तरास," कडूबा म्हणाला.

"त्यात कसला तरास, भाऊ," आवडाबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता ना, काम झालं."

मग कडूबाची धडपड सुरू झाली. आधी म्हणाला, दिवस चांगला नाही. लक्ष्मीबाईनं कॅलेंडर काढून दाखवलं, दिवस उत्तम होता. मग म्हणाला, रस्त्यात धूळ लई. लक्ष्मीबाई म्हणाली, रिक्षाला पडदा लावू. दोन दिवसांनी आवडाबाईंच्या दारात त्याचा एक मजूर उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हिरवीगार रबरी चटई होती. शेठनं भेट पाठवली म्हणे, न्हाणीत अंथरायला.

काकासाहेब खूश झाले. "बघ, माणूस वाईट नाय."

"माणूस वाईट नाय," आवडाबाई म्हणाल्या. "कामचुकार हाय. दोन्हीत फरक हाय, आन आपली फरशी त्यातल्या कामचुकारानं बसवली." आणि सकाळी चटईची गुंडाळी काखोटीला मारून, बरोबर आंघोळीची वेळ साधून, त्या कडूबाच्या घरी गेल्या.

हसीनाबी नुकतंच तेल लावत होत्या. कडूबा ओसरीत चहा पीत होता. आवडाबाईंनी चटई न्हाणीच्या दारात टेकवली.

"ये क्या है?" हसीनाबींनी विचारलं.

"भाऊंनी पाठवली. आमच्याकडं तुम्ही हिच्यावर बसून बाळाला न्हाऊ घालायचं म्हणं."

हसीनाबींचा हात थांबला. "मेरी उमर गई इस काम में. चटईवर बसून मी कधी पोरगं न्हाऊ घातलं नाय. तेलाचे हात, साबणाचं पाणी, आन खाली रबर? सरकली तर पोट्टा कुठं जाईल? कडूबा सेठ, इकडं या जरा. त्या फरशीत काय खोट हाय का?"

"खोट?" कडूबा उठून आला. "छे, छे. आपली शोभेला पाठवली. फरशी एकदम फस्टक्लास."

"अच्छा. तो बच्चे के सर पे हाथ रखके बोलो."

लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून आली. बाळंतीण लेक उठून दाराशी उभी राहिली. कडूबानं हात पुढं केला. तेलानं चकाकणारं ते एवढंसं डोकं, त्यावरचं विरळ जावळ, आणि मधोमध लुकलुक उडणारी टाळू. हात डोक्यावर वीतभर अंतरावर येऊन थांबला, तो काही केल्या खाली येईना. बाळाला काय वाटलं कोण जाणे. त्यानं मूठ उघडली आणि आजोबाचं बोट घट्ट धरलं.

"हाय," कडूबा म्हणाला.

"काय हाय?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"खोट हाय. ढाळ उलटा पडला. आन फरशी गुळगुळीत हाय, उरलेली व्हती दुसरीकडची. मला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. पर टोपी घालून झाली व्हती. म्हणलं आता परत कोण उकरीत बसतं."

मग लक्ष्मीबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजी त्यांची इहीन पडली ती खरी? मला म्हणला, चप्पल घसरली! आपला तो बाब्या आन दुसऱ्याचं ते कारटं व्हय? आपल्या लेकीला शहाबादी, आन आवडाताईंच्या लेकीला आरसा?"

कडूबा लेकीकडं पाहत होता. लेक बाळाला पदराखाली घेऊन आत गेली. ते त्याला बायकोच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आवडाबाईंना क्षणभर त्याची कीव आली. तो क्षण त्यांनी जाऊ दिला.

"उद्या येतो, वहिनी," कडूबा म्हणाला.

"या. आन पाणी तुमचं तुम्ही आणा," आवडाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो."

दुसऱ्या दिवशी कडूबा आला तो मजूर न घेता, स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन. मागं छोट्या टेम्पोत शहाबादी फरशी आणि पाण्यानं भरलेली दोन पिंपं. धोतराचा सोगा खोचला आणि ती चकचकीत फरशी फोडायला बसला. कितीतरी वर्षांनी हातात हत्यार धरलं असेल, दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. आवडाबाई दारात स्टूल टाकून बसल्या. चहा वेळेवर दिला, शाबासकी मात्र दिली नाही. एक फरशी बसली की त्या तांब्याभर पाणी ओतायच्या. जरा जरी रेंगाळलं तरी म्हणायच्या, "भाऊ, हितं थांबतंय." कडूबा निमूट फरशी उचलून पुन्हा बसवायचा. काकासाहेबांना हे बघवेना. ते दोनदा म्हणाले, "आता चाललंय की बरं." दोन्ही वेळा आवडाबाईंनी त्यांना भाजी आणायला पाठवलं.

आणि ही हकिकत लपते कशाला? हसीनाबी रोज चार घरी तेल लावायला जायच्या. चार घरच्या बायका आणखी चार घरी. आठवडा झाला नाही तोच लक्ष्मीबाईच्या दारात रांग लागली. एकीनं बाळाला सोन्याचं पान आणलं, एकीनं वाळा आणला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "बाळाला आमच्याकडं पण घर पालटायला पाठवा. आमची न्हाणी पण कडूबाभाऊंनीच केलीय." पाचोडची रीत ज्यांच्या सात पिढ्यांत नव्हती त्यांनीही ती उचलली. आबेदा म्हणून एक मास्तरीण होत्या, त्यांच्याकडं न्हाणी धड होती, गच्ची गळत होती. त्या म्हणाल्या, बच्चे को हमारे घर भी लाओ, ऐन पावसात.

लक्ष्मीबाईनं एकीलाही नाही म्हटलं नाही. प्रत्येकीला साखर दिली आणि म्हणाली, "हे आधी येऊन बघून जातील, मग बाळ येईल." कडूबा महिनाभर मोटारसायकलवरून छिन्नी घेऊन फिरत होता. फोनवरचं भजन आता दोन ओळींच्या पुढं जात नसे, तो पहिल्या फटक्यात उचलायचा. गंमत म्हणजे त्या महिन्यात त्याचा चेहरा उलट उजळला. गल्लीतून जाताना बायका हाक मारून चहा द्यायच्या, आणि तो खरोखर प्यायला थांबायचा.

सव्वा महिन्याच्या दिवशी आवडाबाईंच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवयांची खीर उकळत होती, दाराला आंब्याची पानं होती. कडूबाची सगळी मंडळी रिक्षातून उतरली. थोड्या वेळानं पैठणची गाडी लागली. त्यातून द्वारकाबाई उतरल्या, आणि त्यांच्या हाताला धरून, जपून, अयोध्या. आवडाबाईंनीच आग्रहाचं बोलावणं धाडलं होतं. लेक आता चांगलीच अवघडली होती, चेहऱ्यावर ते दिवस भरत आल्याचं तेज होतं. आवडाबाईंना तिला तिथंच छातीशी धरावंसं वाटलं, पण विहीणबाई बघत होत्या.

हसीनाबी न्हाणीत बसल्या, पाय लांब केले, बाळ घेतलं. बाहेर कडूबा उभा होता, भर हिवाळ्यात कपाळाला घाम. पहिला तांब्या पडला. बाळ ओरडलं. दुसरा पडला. सगळ्या बायका वाकून बाळाकडं नव्हे, तर फरशीकडं बघत होत्या. पाणी हसीनाबींच्या टाचेपाशी आलं, वळलं, आणि गुणी पोरासारखं मोरीत उतरलं.

"माशाल्ला," हसीनाबी म्हणाल्या. हे त्या बाळाला म्हणाल्या की फरशीला, ते कुणी विचारलं नाही. लक्ष्मीबाईनं बाळाला दुपट्यात गुंडाळून कडूबाच्या हातात दिलं, आणि तो बाळाच्या पोटावर नाक घासत बसला.

मग द्वारकाबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि ओल्या न्हाणीत शिरल्या. एक पाय घासून पाहिला. दुसरा घासून पाहिला. कोपऱ्यात गेल्या, मोरीपाशी गेल्या, तिथं चक्क दोनदा पाय आपटले. बाहेर येऊन पाय पुसले, खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. आवडाबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"विहीणबाई," द्वारकाबाई म्हणाल्या, "अयोध्याचे कपडे काय मी आणले नाय."

संपलं. एवढं करून संपलं. त्यांनी अयोध्याकडं पाहिलं तर ती खाली मान घालून हसत होती.

"म्हणलं, कशाला आणायचे," द्वारकाबाई पुढं म्हणाल्या. "पोर माहेरी बाळंतपणाला ऱ्हायची तर आईची जुनी मऊ लुगडी नेसंल. नाय तर आईनं ती ठिवलीत कशाला?"

आवडाबाईंना रडू की हसू ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. काकासाहेब सगळ्यांना उगीच "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत खिरीच्या वाट्या फिरवायला लागले.

दुपारी पाहुणे पांगले. आवडाबाईंनी बंबातलं पाणी काढलं, न्हाणीत पाट टाकला आणि लेकीला त्यावर बसवलं. केसांना कोमट तेल लावलं, पाठीला लावलं, ताणलेल्या पोटाला अगदी हलक्या हातानं लावलं. अयोध्यानं डोळे मिटून डोकं आईच्या खांद्यावर टाकलं.

"आई, तुझा हात किती बरा वाटतोय गं."

आवडाबाईंनी तांब्या भरला आणि लेकीच्या पाठीवर सावकाश धार सोडली. मग दुसरा, मग तिसरा. पाणी कुठं गेलं ते बघायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.